दादाचं कार्ड जळू नये म्हणून

दर जूनमध्ये आमच्या दाराशी कोणीतरी येतंच. नात्यातलं, गल्लीतलं, नाहीतर वडीगोद्रीहून नाहीतर कुंभार पिंपळगावहून कोणाची तरी ओळख काढून आलेलं. सोबत बारावी झालेलं पोरगं किंवा पोरगी असते. ती खाली मान घालून बसते आणि बाप विचारतो, "मॅडम, तुम्ही कारखान्यात इतकी वर्षं काढली. खरं सांगा, नोकरीच्या हिशोबानं सरकारी कॉलेज बरं का प्रायव्हेट?" मी चहा टाकते, पाऊसपाण्याचं विचारते, पोराला कोणता विषय आवडतो ते विचारते आणि उत्तर द्यायचं टाळते. खरं उत्तर द्यायला बसले तर माझं डोकं फिरतं आणि समोरच्या बिचाऱ्याचा काही दोष नसताना त्याला माझं ऐकून घ्यावं लागतं. एकदाचं लिहून टाकावं म्हणून हे लिहायला घेतलंय.

आमच्या घरात इंजिनीअरिंगच्या दोन डिग्र्या होत्या. एक दादाची, म्हणजे माझ्या मोठ्या भावाची, औरंगाबादच्या सरकारी कॉलेजातली, मेकॅनिकलची. दुसरी माझी, खासगी कॉलेजातली, प्रॉडक्शनची. दादाची डिग्री अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, काचेच्या फ्रेममध्ये घालून बैठकीत लावली, देवांच्या फोटोंच्या ओळीत. माझी डिग्री आईनं प्लास्टिकच्या पिशवीत घालून लोखंडी पेटीत ठेवली, ठेवणीतल्या साड्यांच्या खाली. आता गंमत बघा. दोन्ही कॉलेजं एकाच विद्यापीठाची. पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम सारखा, प्रश्नपत्रिका सारखी, पेपर तपासणारे मास्तरही तेच. मी तर दादाच्याच वह्या वाचून पास झाले होते. तरी एक डिग्री भिंतीवर आणि एक पेटीत.

बारावीला माझे मार्क काही वाईट नव्हते. सरकारी कॉलेजची यादी माझ्या नंबरच्या थोडी वरच संपली, एवढंच. मग खासगीत प्रवेश मिळाला, तोही मार्कांवरच. डोनेशन म्हणून अण्णांनी कोणाला काही दिलं नव्हतं, नुसती फी जास्त होती. पण हे अंबडमध्ये कोणाला समजावणार? खासगी म्हटलं की डोनेशन, आणि डोनेशन म्हटलं की पोरगी ढ. लग्नाच्या मांडवात बायका माझ्याकडं बघत आईला विचारायच्या, "ही ती डोनेशनवाली का?" आई हो म्हणायची. घरी आल्यावर मी तिच्यावर चिडायचे, की हो कशाला म्हणतेस? तर ती म्हणायची, "मंग काय मांडवात भांडत बसू का त्यांच्याशी?"

अण्णा अंबडच्या कोर्टात कारकून होते. सगळा जन्म सरकारी टेबलामागं गेलेला माणूस. पगार थोडा, पण पहिल्या तारखेला बराबर यायचा, आणि त्या एका गोष्टीवर त्यांनी घर उभं केलं होतं. त्यामुळं जे सरकारी ते पक्कं आणि बाकी सगळं आज आहे उद्या नाही, असा त्यांचा सरळ हिशोब. दवाखाना असो, बस असो, कॉलेज असो. दादाला सरकारी कॉलेजात नंबर लागला तेव्हा त्यांनी सगळ्या कोर्टाला पेढे वाटले होते, वकिलांपासून शिपायापर्यंत. माझ्या वेळी त्यांनी घरच्यापुरती जिलबी आणली.

दादा पास झाला तेव्हा जालना जिल्हा वेगळा होऊन काही वर्षंच झाली होती. अंबडच्या लोकांना कामासाठी औरंगाबादऐवजी जालन्याला जायची सवय लागत होती. निकाल लागल्याबरोबर अण्णा दादाला घेऊन जालन्याला एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये गेले, रांगेत उभे राहिले आणि त्याचं नाव नोंदवून कार्ड घेऊन आले. कार्ड म्हणजे काय, साधा पुठ्ठ्याचा तुकडा. नंबर, तारीख, शिक्का. तुमचा नंबर वर आला की सरकारी खात्याकडून मुलाखतीचा कॉल यायचा. कार्ड जितकं जुनं तितका नंबर वर. इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण अण्णांना कोर्टात कोणीतरी सांगितलं होतं, की मधे प्रायव्हेट नोकरी धरली तर कार्ड जळतं.

जळतं म्हणजे बाद होतं. आजपर्यंतची सगळी वर्षं पाण्यात, परत रांगेच्या शेवटी. हे कोणी सांगितलं, कुठं लिहिलंय, कोणाचं जळलं, हे कोणी कधी विचारलं नाही. अंबडमध्ये सगळ्यांनाच हे माहीत होतं. शिकलेली पोरं बसस्टँडसमोरच्या हॉटेलात दिवसभर बसलेली असायची. कोणी विचारलं, बाबा काही काम का धरत नाहीस, तर तोंड वर करून सांगायची, "कार्ड आहे ना. जळंल की." शेतात बापाला हात लावला तर जळत नव्हतं, पण तेही कोणी करत नव्हतं. अख्ख्या तालुक्याची शिकलेली पिढी कार्ड सांभाळत बसली होती. मला ते आठवलं की अजून संताप येतो.

दादाला कॉलेजात असतानाच औरंगाबादच्या एका कारखान्यानं निवडलं होतं. कंपनीचे लोक तेव्हा फक्त सरकारी कॉलेजात यायचे, आमच्या कॉलेजचं फाटकही त्यांनी कधी बघितलं नव्हतं. दादानं घरी येऊन सांगितलं. अण्णांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "सरकारी कॉलेजात शिकून शेठ लोकांची ताबेदारी करायची का? थोडं थांब. कॉल येतोच. कार्ड जळू द्यायचं न्हाई." दादा म्हणाला, "बरं." दादा सगळ्यालाच बरं म्हणायचा. मी तेव्हा शाळेत होते, मला वाटलं किती गुणी भाऊ आहे माझा.

मग तो थांबला. कॉल यायचे, नाही असं नाही. वीज मंडळाचा एक आला, एसटीचा आला, पाटबंधाऱ्याचाही आला. प्रत्येक वेळी एका जागेला सगळ्या मराठवाड्यातून पोरं. दादा इस्त्रीचा शर्ट घालून जायचा आणि परत यायचा. वेटिंगवर नाव आहे म्हणायचा. अण्णा म्हणायचे, बघा, वेटिंगपर्यंत गेला म्हणजे आता पुढच्या खेपेला नक्की. कार्ड नूतनीकरणाला जायचं असलं की ते रजा टाकून स्वतः जायचे, दादावर सोडायचे नाहीत. इकडं दादा गल्लीतल्या लोकांचे मिक्सर, पंखे, पाण्याच्या मोटारी दुरुस्त करून द्यायचा, फुकट. पैसे घेतले तर तो धंदा झाला आणि धंदा केला तर कार्ड जळेल, ही अण्णांची भीती. लोकांचं काय जातंय, त्यांना इंजिनीअर फुकटात मिळाला होता.

हळूहळू दादानं लग्नाकार्याला जाणं सोडलं. कोणीही भेटलं की पहिला प्रश्न तोच, "मंग, काय करून राह्यलास सध्या?" त्याच्या लग्नाचा विषय निघाला की अण्णा म्हणायचे, कॉल आल्यावर बघू. मुलीवाले तरी कशाला थांबतील?

याच काळात मी पास झाले. माझ्या नोकरीचा विचार कोणाच्या डोक्यातही नव्हता. अण्णांनी कर्तव्य म्हणून माझंही कार्ड काढून आणलं. मी मात्र पेपरातली जाहिरात बघून जालन्याच्या एमआयडीसीत एका पीव्हीसी पाइपाच्या कारखान्यात अर्ज टाकला. मुलाखतीला गेले तेव्हा दोन दिवस दादानं माझी तयारी करून घेतली होती. प्लास्टिक वितळवून पाइप काढणारं एक्स्ट्रूजन मशीन कसं चालतं, पाइपाची जाडी कमीजास्त का होते, साच्याचं तापमान कसं धरायचं, सगळं पाठ. शेठनं यातलं एक अक्षर विचारलं नाही. माझी गुणपत्रिका उघडूनही बघितली नाही.

"कॉलेज कोणतं?" त्यानं विचारलं. मी सांगितलं.

"अच्छा, डोनेशनवालं." माझ्या कपाळाला आठी पडली असणार, कारण तो लगेच म्हणाला, "बुरा मत मानो मॅडम. मला तेच पाहिजे. सरकारी कॉलेजवाल्यांना मी घेत न्हाई. मागं दोघं घेतल्ते. काम शिकवलं, मशीन हातात दिलं, आणि कॉल आल्याबरोबर दोघंबी पळाले. तुम्हा लोकांना कोण बोलावणार? तुम्ही टिकता."

अशी मला नोकरी लागली. मी हुशार आहे म्हणून नाही, मला काम येतं म्हणून नाही. मला दुसरीकडं कोणी विचारणार नाही, या खात्रीवर. त्या दिवशी अंबडच्या बसमध्ये बसले तेव्हा नोकरी मिळाल्याचा आनंद होता आणि त्या माणसाच्या तोंडावर त्याची नोकरी फेकून यावी असंही वाटत होतं. पण फेकली नाही. काम करायची फार हौस होती मला.

घरी सांगितलं तेव्हा वाटलं होतं, अण्णा कार्डाचं काढतील, भांडण होईल. मी उत्तरंही तयार ठेवली होती. पण अण्णा म्हणाले, "जा मंग. तुझं कार्ड जळलं तरी काय, तुला कुठं जल्म काढायचाय इथं." आईनं गूळ हातावर ठेवला. दादानं विचारलं, मशीन कोणतं आहे, कुठल्या बनावटीचं आहे. घरात एवढा एकच प्रश्न कामाबद्दल आला. माझं कार्ड किती सहज जळू दिलं त्यांनी, हे मला त्या वेळी लागलं आणि अजूनही लागतं.

पुढची काही वर्षं मी सकाळची एसटी पकडून अंबडहून जालन्याला जात राहिले. सुरुवातीला कामगार मला "डोनेशनच्या मॅडम" म्हणायचे, माझ्यासमोर नाही, पण मला ऐकू येईल असं. मशीन बंद पडलं की सगळे माझ्या तोंडाकडं बघायचे, आता ही काय करते म्हणून. मला नाही आलं की संध्याकाळी घरी जाऊन दादाला विचारायचे. तो कागदावर काढून दाखवायचा. त्यानं ते मशीन कधी डोळ्यानं बघितलं नव्हतं, तरी त्याला दोष कुठं आहे ते नेमकं कळायचं. दुसऱ्या दिवशी मी ते कारखान्यात करायचे आणि शेठ म्हणायचा, "वा मॅडम, बिलकुल बराबर." कोणाची अक्कल आणि कोणाला शाबासकी. मी दोन-तीनदा शेठला सांगितलं, की हे माझ्या भावानं सांगितलंय. तो हसायचा आणि म्हणायचा, "मंग तो घरी का बसलाय?"

याला मी काय सांगणार होते? कार्ड जळेल म्हणून?

शेवटी माझ्याकडं पूर्ण शिफ्ट आली. तोपर्यंत दादाच्या केसांत पांढरं दिसायला लागलं होतं. सरकारी नोकरीला वयाची अट असते आणि ती संपायला आता एकच वर्ष उरलं होतं. अण्णा रिटायर झाले होते, पण कार्डाची तारीख विसरत नव्हते. घरात त्या वर्षाबद्दल कोणी बोलायचं नाही. मी बोलायचे, आणि मग आई म्हणायची, तू गप बस बाई, त्याला अजून नको टोचू.

तेवढ्यात आमच्या कारखान्यात मेंटेनन्स इंजिनीअरची जागा निघाली. मी त्याच दिवशी शेठच्या केबिनमध्ये गेले. म्हणाले, माझ्या भावाला घ्या. त्याला तुमचं मशीन माझ्यापेक्षा चांगलं कळतं. शेठनं नेहमीचंच काढलं, सरकारी कॉलेज, कॉल, पळून जाणं. मी म्हणाले, त्याचं वय संपत आलंय, आता कोणता कॉल येणार? तो विचार करत राहिला आणि मग म्हणाला, "ठीक आहे. तुमच्या शब्दावर. पण एक शर्त. त्याचं कार्ड माझ्या कपाटात जमा करायचं. कॉल आला तरी कार्डाशिवाय मुलाखतीला बसू देत न्हाईत. लाओ कार्ड, लगाओ काम पे." ही त्याची पद्धतच होती. ज्याच्यावर भरवसा नाही त्याचे मूळ कागद तो जमा करून घ्यायचा. माझं काही घेतलं नव्हतं. मी कुठं जाणार होते?

मी घरी आले ते जवळजवळ पळतच. वाटलं, सुटलं सगळं. अण्णा ओट्यावर बसले होते. ऐकलं आणि म्हणाले, "न्हाई. कार्ड घराच्या बाहेर जाणार न्हाई."

"अण्णा, एक वर्ष राहिलंय."

"एका वर्षात काय होत न्हाई? आता तर त्याचा नंबर सगळ्यात वर असंल. इतकी वर्षं सांभाळलं आणि आता त्या शेठच्या कपाटात नेऊन टाकू का?"

माझा तोल गेला. मी म्हणाले, तुम्ही कार्ड सांभाळलं, पोराला कुठं सांभाळलं? आई मधे पडली. दादा आत स्वयंपाकघरात होता, बाहेर आला नाही. पुढं आठ-दहा दिवस हेच चाललं. मी सकाळी जाताना विषय काढायचे, अण्णा पेपरमागं तोंड लपवायचे. शेठ रोज विचारायचा, "क्या हुआ, आला का तुमचा भाऊ?" मी रोज म्हणायचे, येतोय, येतोय.

मग माझ्या मनात आलं, की हे कार्ड जळतं म्हणजे नेमकं काय होतं ते एकदा विचारावं तरी. अर्धी रजा टाकली आणि सरळ एक्स्चेंजच्या ऑफिसात गेले. खिडकीमागं एक बाई बसल्या होत्या. मी विचारलं, प्रायव्हेट नोकरी केली तर कार्ड रद्द होतं का? त्या म्हणाल्या, "कशाला रद्द होईल? आम्हाला कळवायचं, म्हणजे आम्ही नोंद घेतो. चांगल्या नोकरीसाठी नाव चालू ठेवता येतं. कितीतरी लोक ठेवतात." मी विचारलं, आणि कार्ड हरवलं तर? "अर्ज करा, दुसरं मिळतं." एवढं बोलून त्यांनी मागच्या माणसाला पुढं या म्हटलं.

मी बाहेर येऊन पायरीवर बसले. अण्णा दर खेपेला त्याच खिडकीशी उभे राहायचे. नूतनीकरणाचा शिक्का मारून घ्यायचे आणि परत यायचे. जन्मभर सरकारी ऑफिसात काम केलेला माणूस, लोकांना सांगायचा, खिडकीवर विचारा, विचारल्याशिवाय कळत नाही. स्वतः मात्र कधी विचारलं नाही. विचारायची गरजच वाटली नाही, कारण त्यांना माहीत होतं. मला रडू येत होतं आणि हसूही येत होतं, आणि आजूबाजूला तशीच कार्डं हातात घेऊन पोरं उभी होती.

संध्याकाळी घरी पोचले तेव्हा अण्णा आणि दादा दोघंही बैठकीत होते. दादा शेजाऱ्यांचा टेबलफॅन उघडून बसला होता. मी चप्पल काढायच्या आधीच सांगितलं. कार्ड जळत नाही. कधीच जळत नव्हतं. आणि हरवलं तर दुसरं मिळतं, म्हणजे शेठच्या कपाटात ठेवलं काय आणि न ठेवलं काय. मी हे कोणत्या आवाजात सांगितलं असेल ते सांगायला नको. जिंकल्यासारखं वाटत होतं मला. अण्णा माझ्याकडं बघत राहिले.

दादानं हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला आणि म्हणाला, "मला म्हाईत होतं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "काय म्हाईत होतं?"

"हेच. मी विचारून आल्तो. लई आधी. तू कॉलेजात होतीस तेव्हा."

"मंग बोलला का न्हाईस?"

तो अण्णांकडं न बघता बोलत होता. "विचारून आल्यावर मी प्रायव्हेटच्या मुलाखतीला जाऊन राह्यलो होतो. पुस्तकं बघायला औरंगाबादला जातो म्हणायचो, तेव्हा तिकडंच जायचो. सुरुवातीला ते म्हणायचे, तुम्ही सरकारी कॉलेजचे, कॉल आला की जाल. घ्यायचे न्हाईत. मंग दोन-तीन वर्षं गेली तर म्हणायला लागले, इतकी वर्षं रिकामे का बसलात? त्याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं." त्यानं पंख्याची जाळी बाजूला सारली. "अण्णांना वाटून राह्यलं होतं की मी थांबलोय. मला कोणी घेईना, हे त्यांना कळण्यापेक्षा ते बरं होतं."

आई दारात उभी होती, ती पदर तोंडाला लावून आत गेली. मला अण्णांचा इतका राग होता, तो कुठं ठेवावा तेच कळेना. त्यांच्याकडं बघवत नव्हतं. ते एकदम म्हातारे दिसायला लागले होते. इतकी वर्षं बाप पोराचं कार्ड सांभाळत होता आणि पोरगा बापाचा भ्रम. आणि मी मधे उभी राहून दोघांवर चिडत होते, काही माहीत नसताना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघाले तर अण्णा दारात उभे. त्यांनी कार्ड माझ्या डब्याच्या पिशवीत ठेवलं, प्लास्टिकच्या कव्हरात, जपून. "देऊन टाक त्यांना," म्हणाले. "आणि म्हणावं, पोरगं पळणार न्हाई. मी सांगतो म्हणावं." अण्णांना ओळखतं कोण तिथं, पण मी हो म्हणाले. दादा दाढी करत होता. त्यानं आरशातूनच विचारलं, "आज बोलावतील का उद्या?" किती वर्षांनी त्याच्या आवाजात घाई ऐकली मी. बसमध्ये मी सारखी पिशवीत हात घालून कार्ड आहे ना ते बघत होते.

कारखान्यात पोचले आणि तडक केबिनमध्ये गेले. कार्ड टेबलावर ठेवलं. शेठनं ते बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. त्याचा चेहरा जरा पडला.

"मॅडम, लेट केला तुम्ही. काल संध्याकाळी मी एकाला हो म्हणलो."

मी उभीच राहिले. म्हणाले, असं कसं, तुम्ही शब्द दिला होता. तो म्हणाला, "मशीन किती दिवस असं ठेवू? तुम्ही रोज येतोय येतोय म्हणत होता. आणि मी म्हणलं, कशाला सरकारी कॉलेजवाल्याच्या मागं लागायचं? यंदाच पास झालेला पोरगा आहे. तुमच्याच कॉलेजचा." तो खुशीत आला होता, मला बरं वाटावं म्हणून सांगत होता. "सच्ची बोलतो मॅडम, तुमच्याकडं बघूनच घेतला. या कॉलेजची माणसं कामाची असतात, हे तुम्ही मला दाखवलं. तुम्हीच त्याला तयार करा."

मी त्याला काय म्हणाले ते आठवत नाही. कार्ड उचललं आणि शिफ्टवर गेले. तो पोरगा मशीनपाशी उभा होता, नवीन शर्ट, नवीन बूट. मला बघून पुढं आला आणि वाकून नमस्कार करायला लागला, "मॅडम, मी तुमच्या कॉलेजचा." सगळा दिवस मी काम केलं. कोणत्या पाइपाची जाडी किती आली, मला शुद्ध नव्हती. डोक्यात एकच, घरी जाऊन काय सांगू? अण्णांना काय सांगू हे ठरलं होतं, खोटंच सांगायचं होतं. पण दादाला खोटं सांगून भागणार नव्हतं.

बसमधून उतरले तर दादा स्टँडवरच उभा होता. तो कधी स्टँडवर यायचा नाही, लोक भेटतात म्हणून. आज आला होता. दाढी केलेली, शर्ट पँटमध्ये खोचलेला.

"काय म्हणले?"

"जागा भरली दादा. कालच."

त्यानं मान हलवली. आम्ही थोडं चाललो. मग त्यानं विचारलं, "कोण घेतला?"

"नवीन पोरगा आहे. यंदाच पास झालेला."

"कॉलेज कोणतं?"

मी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. त्यानं परत विचारलं. मग सांगावंच लागलं. "आमचंच. शेठ म्हणला, माझं काम बघूनच त्या कॉलेजचा घेतला."

दादा थांबला. रस्त्यावर टमटमवाले ओरडत होते, कोणीतरी ओळखीचं समोरून गेलं, त्याला त्यानं हात केला. मग माझ्याकडं बघून म्हणाला, "म्हंजे तू काम चांगलं करून राह्यलीस."

टोमणा बिलकुल नव्हता त्यात. त्याला खरंच बरं वाटलं होतं. त्यानं माझ्या हातातली डब्याची पिशवी घेतली आणि आम्ही घराकडं निघालो.